फर व्यापाराच्या काळातील वेशभूषा: खादीचा कुर्ता चालेल, झालरीचा अंगरखा नको

आपण मिनेसोटातल्या डुलुथला नुकतेच स्थायिक झाला आहात आणि येत्या ऑगस्टमध्ये सुपीरियर सरोवराकाठच्या ग्रँड पोर्टेज येथील राँदेव्हू, म्हणजे फर व्यापाराच्या काळाची आठवण जागवणाऱ्या, मेळाव्यात नुसते प्रेक्षक म्हणून न जाता त्या काळच्या वेशात छावणीत राहण्याचा आपला विचार आहे. त्यासाठी घरातला खादीचा कुर्ता आणि कोल्हापुरी वहाणा चालतील का, तसेच एका संकेतस्थळावर दिसलेला झालरीचा चामडी अंगरखा आणि रॅकूनच्या कातड्याची टोपी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. कुर्ता थोड्या उसवाउसवीनंतर चालेल, वहाणा चालणार नाहीत आणि त्या अंगरख्यावर कृपया एक डॉलरही खर्च करू नका.

तो अंगरखा मी माझ्या पहिल्या वर्षी घेतला होता, म्हणून इतक्या ठामपणे लिहितो आहे. छावणीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी तो शांतपणे न्याहाळला आणि एवढेच विचारले, ‘आपण कोण, कुठून आलात आणि साल कोणते?’ मला तिन्हींपैकी एकाचेही उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिल्याशिवाय मी काहीही विकत घेत नाही, आणि नव्या माणसालाही मी तेच करायला सांगतो.

‘फर व्यापाराचा काळ’, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या केसाळ कातड्यांच्या व्यापाराचा काळ, असे आपण एका दमात म्हणतो, पण तो दोन शतकांहून मोठा आहे. हडसन्स बे या इंग्रज फर कंपनीची सनद १६७० ची, आणि रॉकी पर्वतातले सापळेवाल्यांचे प्रसिद्ध मेळावे १८२५ ते १८४० या काळातले. झालरीचे चामडी कपडे आपल्या डोळ्यांसमोर येतात ते बहुतांशी या शेवटच्या टप्प्यातून. आल्फ्रेड जेकब मिलर या चित्रकाराने १८३७ मध्ये ग्रीन नदीकाठचा मेळावा प्रत्यक्ष पाहून जी चित्रे काढली, त्यांचा हा वारसा आहे. ग्रँड पोर्टेजची गोष्ट याहून वेगळी आणि आधीची आहे. नॉर्थ वेस्ट या मॉन्ट्रियलच्या फर कंपनीचे हे सुपीरियर सरोवराकाठचे मुख्य ठाणे अठराव्या शतकाच्या अखेरीस भरात होते आणि १८०३ मध्ये कंपनीने ते उत्तरेला, ब्रिटिश हद्दीत, कॅमिनिस्टिक्विया नदीच्या मुखाशी हलवले. म्हणजे आपले साल १७९० ते १८०३ यांमधले, ठिकाण सरोवराचा किनारा, आणि नवख्याला सर्वांत सोयीचे पात्र म्हणजे मॉन्ट्रियलहून कनूमधून, म्हणजे वल्ह्यांच्या हलक्या होडीतून, माल घेऊन आलेला फ्रेंच-कॅनेडियन कामगार, ज्याला व्हॉयाजर म्हणत. फ्रान्सेस अ‍ॅन हॉपकिन्स यांची व्हॉयाजरांची देखणी चित्रे सगळे जण दाखवतात, परंतु ती १८६० च्या आणि त्यानंतरच्या दशकातली आहेत. त्यांवरून १७९७ चा माणूस सजवणे म्हणजे पेशवाईतल्या सरदाराला ब्रिटिश अमदानीतल्या वकिलाचा कोट घालण्यासारखे आहे.

सुरुवात सदऱ्यापासून करावी. त्या काळचा पुरुषी सदरा कापडाचा एक चौरस इंचही वाया न घालवता नुसत्या आयतांतून आणि चौकोनांतून बेतलेला असे. एकच लांब पट्टा खांद्यावर दुमडून पुढचा आणि मागचा भाग होतो, बाह्या म्हणजे दोन आयत, आणि हात वर करता यावा म्हणून काखेत एक चौकोनी तुकडा जोडलेला असतो. आपल्या आजोबांची पैरण उसवून पाहिली तर नेमकी हीच बेतणी दिसते, म्हणूनच खादीचा कुर्ता जवळपास चालेल असे मी म्हटले. फरक एवढाच की, या सदऱ्याची कॉलर उभ्या पट्टीची नसून रुंद आणि दुमडलेली असते, बाह्यांना मनगटाशी चुण्या घालून अरुंद कफ लावलेला असतो, गळ्याची चीर छातीपर्यंतच येते, घेर मांडीच्या मध्यापर्यंत पोहोचतो आणि खिसे मुळीच नसतात. एवढी उसवाउसवी करण्यापेक्षा साडेतीन वार खादी किंवा लिनन घेऊन नवा सदरा शिवणे मला सोपे वाटते. येथे एक सावधगिरी बाळगावी. गाठीगाठीची, जाडीभरडी खादी ‘जुनी’ दिसते म्हणून घेऊ नये, कारण पिढ्यान्‌पिढ्या सूत कातणाऱ्यांचे हात सफाईदार असत आणि साध्या कामगाराच्या सदऱ्याचे कापडही आपण समजतो त्यापेक्षा सारख्या विणीचे असे.

शिवण हाताची असावी, निदान दिसणारी तरी. घराघरात पोहोचलेले शिवणयंत्र १८४६ च्या पेटंटनंतरचे आहे, आणि कॉलरीवरची यंत्राची सरळ टीप दहा फुटांवरून ओळखू येते. माझी स्वतःची तडजोड अशी की, आतल्या लांब शिवणी यंत्रावर मारतो आणि कॉलर, कफ, गळ्याची चीर व काजे हाताने करतो; काही मंडळींना ही तडजोडही मान्य नसते, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. बाह्यांच्या जोडाला उलटी टीप आणि कडांना बारीक हेम एवढे येत असले की पुरते. बटणे हाडाची किंवा दोऱ्याने गुंफलेली घ्यावीत, प्लॅस्टिकची नकोत.

कमरेखाली व्हॉयाजर बहुधा लंगोटासारखे वस्त्र आणि पायांवर गुडघ्याच्या वरपर्यंत येणाऱ्या लोकरी नळ्या वापरत, ज्यांना मितास म्हणत, आणि त्या गुडघ्याखाली पट्ट्याने बांधत. पहिल्याच वर्षी हे धैर्य होणार नाही, हे मी समजू शकतो. साधी सुती किंवा लिननची सैलसर विजार, पुढे पडदी असलेली, पूर्णपणे ग्राह्य आहे. झिप नसावी, हे सांगायला नकोच.

कोल्हापुरीचे म्हणाल तर पायात मोकासिनच, म्हणजे मूळनिवासी पद्धतीचे मऊ चामडी जोडेच, हवेत. खर्चाच्या यादीत मी त्यांना पहिले स्थान देतो, कारण पाय दुखले की सगळे दुखते. हरणाच्या किंवा मूसच्या (तिकडच्या थोराड हरणाच्या) धुरवलेल्या कातड्याचे मोकासिन मऊ असतात आणि पावलाखालचा प्रत्येक खडा जाणवतो, म्हणून आत ब्लँकेटच्या तुकड्याचे अस्तर घालावे. बाजारात मिळणारे बहुतेक कातडे क्रोमने कमावलेले असते. ती पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे आणि त्याचा कापलेला काठ पाहिला तर आत निळसर करडी छटा दिसते. दुकानात जोडा हातात घेऊन आधी तो काठ पाहावा.

रंगांबाबत नवखे लोक हमखास चुकतात. सगळे मळखाऊ आणि तपकिरी घातले की आपण ऐतिहासिक दिसू, असा समज आहे. वस्तुतः त्या लोकांना भडक रंग आवडत. नीळ, मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा लाल, किरमिजी आणि पिवळा हे सारे उपलब्ध होते. कृत्रिम रंगांचा पहिला शोध १८५६ चा, त्यामुळे चमकदार जांभळा आणि निऑन छटा तेवढ्या वर्ज्य कराव्यात. गळ्याभोवतीच्या रुमालाला तर आपल्याकडचा थेट धागा आहे: बंडाना हा शब्द बांधणीच्याच कुळातला, आणि ज्याला आपण चीट म्हणतो तेच इंग्रजीत चिंट्झ झाले. हिंदुस्थानी सुती व रेशमी माल लंडनमार्गे या व्यापारातही येत असे. म्हणून घरी ठशाची छपाई असलेला सुती रुमाल असेल तर तो अवश्य आणावा, मात्र नक्षी बारीक असावी. हत्ती आणि मोर नकोत.

लोकर किंवा सूत खरे आहे की नाही, हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये. कडेचा एक दोरा काढून चिमट्याने ज्योतीत धरावा. लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि विझल्यावर तिची राख बोटांत चुरडली जाते. सुताला जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिक वितळून कठीण काळा मणी होतो. हा केवळ अस्सलपणाचा प्रश्न नाही. आपण दिवसभर उघड्या चुलीशी वाकणार आहात, आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते.

कमरेचा रंगीत लोकरी पट्टा हा व्हॉयाजरचा अलंकार समजला जातो. बाणांच्या नक्षीचा, माग न वापरता नुसत्या बोटांनी विणलेला पट्टा क्वेबेकमधल्या लासोंप्सियोंच्या परिसराशी जोडलेला आहे आणि त्याला शेकडो तास लागतात, त्यामुळे स्वस्तात मिळणारा ‘अस्सल’ पट्टा मागावरचा आणि बहुधा ॲक्रिलिकचा असतो. पहिल्या वर्षी एकरंगी किंवा साध्या तिरप्या विणीचा लोकरी पट्टा बांधावा. आपल्या काळासाठी तो अधिक सुरक्षितही आहे.

थंडीसाठी ब्लँकेटचा टोपीवाला कोट, म्हणजे कॅपोट, करावा. हडसन्स बेची चार रंगी पट्ट्यांची ब्लँकेट सगळ्यांना हवी असते, पण आपल्या पात्राला पांढऱ्या जमिनीवर टोकाला एकच गडद पट्टा असलेली ब्लँकेट जास्त शोभेल. त्या ब्लँकेटींच्या कडेला आखूड निळ्या रेघा असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. जितके पॉइंट तितकी बीव्हर या पाणथळ प्राण्याची कातडी ब्लँकेटची किंमत, ही दंतकथा आहे. त्या रेघा ब्लँकेटचा आकार दर्शवतात. कंपनीची दुकाने २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा जुनी पट्टेदार ब्लँकेट हाती लागलीच तर ती कापून कोट शिवू नये, एवढी माझी विनंती.

यापुढचा मुद्दा कपड्यांचाच आहे, पण नाजूक आहे. ग्रँड पोर्टेज ही ओजिब्वे या मूळनिवासी लोकांची भूमी आहे, आणि राँदेव्हूच्या जोडीनेच त्यांचा पॉवॉव, म्हणजे पारंपरिक नृत्य-गायनाचा मेळा, भरतो. आपला वर्ण सावळा असल्याने पिसे, मणिकाम आणि झालरी घातल्या की पाहुणे आपल्याला मूळनिवासी समजतात आणि फोटो मागतात. मला हा अनुभव आला आहे आणि त्यावेळी जो ओशाळेपणा वाटला तो अजून आठवतो. म्हणून दुसऱ्याच्या समाजाचा पोशाख घालू नये. गरुडाचे पीस जवळ बाळगणे अमेरिकी कायद्याने बहुतेकांना निषिद्धच आहे, आणि वाटेत पडलेली इतर बहुतेक देशी पक्ष्यांची पिसे उचलण्यालाही तोच नियम लागू होतो. मोकासिन आणि मितास मात्र व्हॉयाजरांनी स्वतः स्वीकारले होते, ते घालण्यात गैर नाही. ते स्थानिक ओजिब्वे कारागिराकडून विकत घेता आले तर सर्वांत उत्तम.

सौभाग्यवतींच्या वेशाविषयीही आपण विचारले आहे. त्या काळी ग्रँड पोर्टेजच्या स्त्रिया मुख्यतः ओजिब्वे किंवा मिश्र कुळातल्या होत्या, त्यामुळे येथे थोडी कल्पकता लागते. मिशिलिमॅकिनॅकसारख्या ठाण्यांवर फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबे राहत, तिथून आलेली स्त्री हे पात्र घेतल्यास आखूड, कमरेच्या थोडा खाली येणारा झगा, घोळदार परकर, आतला लांब सदरा आणि डोक्याला टोपी एवढ्यात काम भागते. परकर हा शब्द मी मुद्दामच वापरला. आपला नाडीचा परकर सुती आणि एकरंगी असेल तर त्यात फारसा बदल करावा लागत नाही.

सामान कमीत कमी आणावे. व्हॉयाजर उलट्या घातलेल्या कनूखाली मेणकापड ताणून झोपत, तंबू असे तो साहेबाचा. आपल्याला साधा दोन उतारांचा सुती तंबू पुरेल. पुण्याच्या तांबट आळीतले पातेले आणू का, असे मला एकदा एकाने विचारले होते. धातू योग्य, घडण हातोडीची, आतून कल्हईही योग्य, पण व्यापारातली तांब्याची किटली सरळ भिंतींची आणि वर लोखंडी कडी असलेली असते, गळ्याशी आवळलेली नसते. निळा-पांढरा एनॅमलचा मग सगळ्या छावण्यांत दिसतो आणि तो जवळजवळ सगळीकडे चुकीचा असतो. त्याऐवजी कथिलाचा मुलामा दिलेला पत्र्याचा पेला किंवा लाकडी वाडगा घ्यावा. काडेपेटी पिशवीत लपवून ठेवावी आणि विस्तव चकमकीने पाडायला शिकावे. ‘चकमक झडणे’ हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो, पण पोलादावर गारगोटी घासून जळक्या कापडाच्या तुकड्यावर ठिणगी पकडायला मला दोन संध्याकाळी लागल्या. बंदूक आणू नये; वल्हे मारणाऱ्या कामगाराला तिची गरज नव्हती. चष्मा असल्यास गोल, धातूच्या काड्यांचा चालतो. मनगटी घड्याळ गाडीतच ठेवावे.

वेशभूषेची नियमावली आयोजकांकडून जूनच्या आतच मागवावी, म्हणजे शिवायला वेळ राहील. मोकासिन मात्र दोन आठवडे आधीच घरात घालून फिरा, आणि छावणीत ते भिजले तर शेकोटीजवळ सुकवू नका. कातडे आक्रसून सकाळी पायात जात नाही. आत सुके गवत कोंबून सावलीत ठेवा.