सफारी की स्कॉर्पिओ-एन: सहा जणांच्या घरासाठी कोणती गाडी घ्यावी?

दोन मुलं, आजी-आजोबा आणि महिन्यातून एकदा गावी चक्कर, असं असेल तर सफारी घ्या. स्कॉर्पिओ-एन लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकसारख्या शिडीच्या आकाराच्या लोखंडी सांगाड्यावर, उभी आहे. कच्च्या रस्त्याला दणकट, पण गाडी उंच असल्याने आजीला चढताना त्रास होतो आणि खड्ड्यात मागचे प्रवासी हलतात. शिवाय तिच्या तिसऱ्या रांगेला एसीचे व्हेंट नाहीत, सफारीत आहेत. मे महिन्यात हा फरक फार मोठा.

ग्लोबल एनकॅपमध्ये (गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणारी संस्था) प्रौढांसाठी दोन्हींना 5 तारे. मुलांसाठी मात्र सफारीला 5, स्कॉर्पिओ-एनला 3.

शेतापर्यंत चिखलाची वाट असेल तर स्कॉर्पिओ-एन 4x4च (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी). सफारीत ती सोयच नाही.

सामानाचं गणित आधी करा. सातही सीट उभ्या असताना दोन्हींत मागे जेमतेम दोन-तीन लहान बॅगा मावतात. शोरूमला सगळ्यांना न्या, आजीला दारातून दोनदा चढा-उतरायला लावा, तिसऱ्या रांगेत स्वतः बसून स्पीडब्रेकरवरून जा.

रोजचं धावणं पाच-सात किलोमीटरचंच असेल तर डिझेल टाळा: डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) ती जाळण्याइतका तापत नाही, काजळी साचून डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो.