जुनी ऑक्टाव्हिया आरएस, १८ लाख: रास्त की जास्त?

प्रश्न: नमस्कार दादा, २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० (ऑक्टाव्हियाची जास्त ताकदीची आवृत्ती) बघितलीये, पुणे पासिंग, सेकंड ओनर, ६२ हजार किमी, स्टेज वन रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं) केलेला. मालक १८ लाखांवर अडून बसलाय, म्हणतो नवीन आरएस ५० लाखांची आहे त्या मानाने ही फुकटच. घरचे म्हणतात इतक्या जुन्या स्कोडाला १८ लाख म्हणजे वेडेपणा. कोणाचं खरं मानू?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर: घरच्यांचा हिशोब नेहमीच्या गाडीला एकदम बरोबर आहे, फक्त या गाडीला लागू पडत नाही. मालकाचा मात्र कुठल्याच गाडीला लागू पडत नाही. ही आरएस २३० २०१७ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम साडेचोवीस लाखांच्या आसपास होती, २.० लिटरचं टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस (हॉर्सपॉवरसारखं ताकदीचं माप). मग २०२० मध्ये आरएस २४५ आली, फक्त २०० गाड्या, ३५.९९ लाख, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये २६५ पीएसवाली आली ती तर १००च, ४९.९९ लाखांना. घेणारे भरपूर आणि गाड्या मोजक्या, त्यामुळे २३० चा भाव टिकून आहे हे मान्य. पण नवीन गाडी बाहेरून तयार होऊन येते, तिच्या किमतीत इम्पोर्ट ड्युटीच केवढी तरी आहे, ती धरून जुन्या गाडीचा भाव कशाला वाढवायचा?

जाहिरातीतले आकडे बघून सरासरी काढत बसू नका. तो मागितलेला भाव असतो, सौदा कितीला तुटला ते तिथे कुणी लिहीत नाही. इन्शुरन्सच्या आयडीव्हीचाही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) उपयोग नाही, कारण पाच वर्षांनंतर तो आकडा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. आरएस मालकांच्या ग्रुपवर ज्यांनी नुकतीच विकलीये त्यांना फोन करून विचारा, खरा भाव तिथे कळेल.

आणि मग सरळ सर्व्हिसची फाईल मागा. या गाडीत सहा गिअरचा वेट क्लच डीएसजी (तेलात चालणाऱ्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे, चांगला दणकट गिअरबॉक्स आहे, पण त्याचं ऑइल दर ६० हजारला बदलावंच लागतं. तुमची गाडी ६२ हजारला विकायला निघालीये, म्हणजे हे काम झालंय की तुमच्या गळ्यात घालायला ठेवलंय हे बिल बघूनच कळेल. तोंडी ‘सगळं केलंय’ याला काही अर्थ नाही. बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू दे म्हणून आधीच सांगून ठेवा आणि इनटेकच्या (इंजिनात हवा नेणारा भाग) खाली टॉर्च मारून बघा, वाळलेला गुलाबी डाग दिसला तर तो कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आहे, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं हाऊसिंग गळणं हे या इंजिनचं जुनं दुखणं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२२१ असेल तर २०२१ चा बत्तिसावा आठवडा, नक्षी कितीही दिसत असली तरी रबर कडक झालेलं असेल तर २३० पीएसच्या गाडीला ते टायर चालणार नाहीत, चारही नवीन धरा. ब्रेक डिस्कच्या कडेवरून बोट फिरवा, काठ लागला तर डिस्कपण धरा.

रिमॅप मालक जमेच्या बाजूला धरतोय, मी वजा करेन. रिमॅप वाईट असतो असं नाही, पण तो कोणी केला, स्टॉक फाईल (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) परत टाकून मिळेल का, रिमॅपनंतर ऑइल किती किमीला बदललं, ही उत्तरं हवीत. आणि इन्शुरन्स कंपनीला कळवलेलं नसेल तर क्लेमच्या वेळी तुम्हीच अडकाल. फोक्सवॅगन-स्कोडावर हात बसलेल्या स्वतंत्र गॅरेजमध्ये नेऊन पूर्ण स्कॅन करा, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या फॉल्ट कोडसोबत (बिघाडाच्या नोंदी) त्यावेळचं किमी नोंदलेलं असतं, मीटर मागे फिरवला असेल तर बऱ्याचदा तिथे सापडतं.

फाईल पूर्ण, डीएसजी ऑइलचं बिल हातात, टायर ताजे आणि गाडी स्टॉकवर आणून देत असेल तर १८ ला मी ओरडणार नाही. नाहीतर एकेका कामाचं कोटेशन घ्या आणि तेवढे पैसे कमी करायला सांगा. ऐकत नसेल तर गाडी सोडून द्या, घाई त्यालाही असणारच.

प्रश्न: २०१४ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय पावणेचार लाखांना मिळतेय. मित्र म्हणतो याच पैशात दुसरी पोलो नको, जीटीच घे. घेऊ का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: तिच्यात सात गिअरचा ड्राय क्लच (तेलाविना कोरड्या क्लचचा) डीएसजी आहे, वर सांगितलेला नाही. याच्या मेकॅट्रॉनिकची (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) दुरुस्ती निघाली तर या किमतीच्या गाडीला ती झेपत नाही, त्यामुळे ते काम झाल्याचं बिल असेल तरच पावणेचारचा विचार करा. २०२० पासूनच्या १.० लिटर जीटीत साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) आहे, तिचा भाव जास्त असला तरी थोडं थांबून मी तीच घेईन. आणि गाडी तुमच्याच भागातली असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात ती कुठे उभी होती ते विचारा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ आतल्या टोकाला राहते, वॉशिंगवाले तिथपर्यंत जात नाहीत. ती रेघ दिसली तर दोन लाखांनाही घेऊ नका.