सह्याद्रीतले किल्ले वरून सपाट आणि बाजूंनी तासल्यासारखे का असतात? हे माणसांनी केलंय का?

तुम्ही लिहिलंय की राजगडाला पहिल्यांदाच गेलात आणि बालेकिल्ल्याचा कडा बघून वाटलं, हा कोणीतरी तासलाच असणार. थोडं तासकाम आहे, नाही असं नाही. पायऱ्या, हात घालायच्या खोबण्या, पाण्याची टाकी, काही गडांवर कड्याचे भागसुद्धा. पण आकार मुळातला आहे. किल्ला बांधणाऱ्यांनी तो नेमका हेरला.

मी भूगर्भशास्त्राचा माणूस नाही. वीसेक वर्षं डोंगरात फिरतोय, एवढंच. एका ट्रेकला हा विषय शिकवणाऱ्या एक बाई बरोबर होत्या. दर पंधरा मिनिटांनी थांबून त्या दगडाला हात लावायच्या आणि आम्ही मागे उभे राहून वैतागायचो. उतरताना मात्र मीच थांबत होतो आणि बाकीचे वैतागत होते.

ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला टोकदार शंकू आणि त्यातून निघणारा धूर आठवतो. महाराष्ट्रात झालं ते तसं नव्हतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून अतिशय पातळ लाव्हा बाहेर आला. तव्यावर घावनाचं पीठ पसरतं तसा पसरला, थिजला, मग त्यावर दुसरा, तिसरा. झिजून झिजून आज जे उरलंय तेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेला, महाबळेश्वरच्या बाजूला, थरांची चळत सगळ्यात उंच. विदर्भाकडे जाता जाता ती पातळ होते. डोंगरमाथा सपाट दिसतो कारण तो मुळात शिखर नव्हताच, तो एका आडव्या थराचा उरलेला तुकडा आहे. आजूबाजूचं सगळं पाण्याने वाहून नेलं.

आता कडा. प्रत्येक थराचा खालचा-मधला भाग घट्ट, काळा, टणक. थंड होताना तो आक्रसतो आणि त्याला उभ्या चिरा जातात. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकलेले, म्हणून तो सच्छिद्र आणि ठिसूळ. दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी लाल मातीचा पट्टा सापडतो: पहिला थर बराच काळ उघडा पडून त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. ठिसूळ भाग आधी झिजतो, त्याचा उतार होतो, त्यावर झाडी येते. टणक भागाच्या पायाखालचं गेलं की तो उभ्या चिरेवरून सरळ तुटतो. म्हणून कडा झिजला तरी उभाच राहतो. उतार, कडा, उतार, कडा. परदेशी अभ्यासकांनी या खडकाला ‘ट्रॅप’ नाव दिलं ते जिन्याच्या स्वीडिश शब्दावरून.

आपल्याकडे त्या जिन्याच्या पायऱ्यांना आधीपासून नावं आहेतच. राजगडाचंच बघा. सगळ्यात वरची पायरी बालेकिल्ला. त्याच्या कड्याखाली जी रुंद पायरी सुटते ती माची. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या म्हणजे त्या पायरीचे तीन दिशांना गेलेले फाटे. त्याखाली घेरा. किल्ल्याची ही रचना आधी कागदावर काढून मग डोंगर शोधला असं झालेलं नाही, हे माझं मत. डोंगराने आधीच दोन तटबंद्या उभ्या करून ठेवल्या होत्या, माणसांनी फक्त फटी बुजवल्या.

पाण्याचं कोडंही इथेच थोडं सुटतं. चिरांतून आणि सच्छिद्र थरातून पावसाचं पाणी मुरत खाली येतं, लाल पट्टा लागला की अडतं आणि आडवं वळून डोंगराच्या पोटातून पाझरतं. भर उन्हाळ्यात, कड्याच्या तळाशी खोदलेल्या टाक्यात गार पाणी मिळतं ते त्यामुळे. पुढच्या वेळी टाक्याच्या मागच्या भिंतीवर टॉर्च मारा. मी राजगडावरच एका भिंतीत बोटाच्या पेराएवढी भोकं बघितली, काहींत पांढरे, काचेसारखे दाणे भरलेले. बुडबुड्यांच्या पोकळीत नंतर पाण्याने आणून ठेवलेली ही खनिजं. अजिंठ्याच्या पायथ्याशी विक्रेते ‘क्रिस्टल, क्रिस्टल’ म्हणत मागे लागतात ते याच कुळातलं. (टाक्यातले कृपा करून खरवडू नका.)

पण हा जिना पश्चिमेलाच असा एकदम का तुटतो? नाणेघाटात गेलात तर हा प्रश्न अंगावर येतो. जुन्नरहून तुम्ही जवळपास सपाटीवरून जाता आणि अचानक जमीन संपते, खाली कोकण. म्हणूनच मी म्हणतो, सह्याद्री ही हिमालयासारखी घड्या पडून उचललेली रांग नव्हे, ती पठाराची तुटकी कड आहे. लाव्हा ओतून झाल्यावर, भूगर्भाच्या हिशेबात लगेचच, आपला पश्चिम किनारा आणि सेशेल्स बेटं एकमेकांपासून फाटली. तिकडची बाजू गेली, इकडे कड राहिली, आणि पाऊस ती कोकणाच्या बाजूने खात खात पूर्वेकडे सरकवतोय. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णेपासून अरबी समुद्र जेमतेम ६०-६५ किलोमीटरवर आहे, तरी ती देशभर वळसा घालून बंगालच्या उपसागराला मिळते. उतारच तिकडे आहे, काय करणार. घाटवाटाही अशाच कडेतल्या चिरांतून, नाळेतून उतरतात. कल्याणहून माल यायचा तो नाणेघाटाच्या त्या अरुंद नाळेतून. वर ठेवलेला दगडी रांजण जकातीचा होता म्हणतात.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा लाव्हा वर आला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या खाली होता. ज्या तप्त ठिकाणावरून आपली भूमी सरकत उत्तरेला आली ते अजून पेटतंच आहे, हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली. मधल्या वाटेवर लक्षद्वीप, मालदीव, मग मॉरिशस. मॉरिशस तर ८०-९० लाख वर्षांचंच पोर. माझा एक मित्र लग्नानंतर तिथे गेला होता. त्याच्या फोटोत उसाच्या शेतात काळ्या धोंड्यांचे मोठे ढीग दिसले आणि मला वाटलं पुरंदर तालुक्यातला बांध आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून, घाटावरून जी माणसं तिकडच्या उसावर मजुरीला गेली, ती तिथे हाच काळा दगड वेचत राहिली.

राजगडाला परत जाणार असाल तर फेब्रुवारीत जा. पावसाळ्यात हिरवळीखाली काही दिसत नाही. फेब्रुवारीत गवत वाळून पिवळं पडतं आणि काळे कडे उठून दिसतात. संजीवनी माचीच्या टोकाला सकाळी बसा, ऊन तोरण्यावर पडलेलं असतं. त्याच्या अंगावरचे आडवे पट्टे मोजा. मग मान वळवून आपल्या मागच्या बालेकिल्ल्याचे मोजा.