व्हॉल्व्हच्या पेशंटला वर पाठवताना

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या केंद्रातून आलेली रेफरल चिठ्ठी परवा पाहिली. ‘आर.एच.डी., सिव्हिअर एम.एस., पुढील उपचारार्थ रवाना.’ म्हणजे सांधेवाताच्या तापानं बिघडलेलं हृदय आणि फार अरुंद झालेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली). त्यात चूक काही नाही. पण एवढं तर वरच्या दवाखान्यात टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) सांगणारच आहे. जे एकोत दिसत नाही ते फक्त तुला माहीत आहे, आणि तेच नेमकं चिठ्ठीत नाही. बाई धारूरकडची, पंचविशीच्या आतली, एकच लेकरू, घरात दुसऱ्याची आस, आणि दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. कोणता व्हॉल्व्ह (कृत्रिम झडप) बसवायचा हे निम्मं इथंच ठरतं.

आजार तुला शिकवत बसत नाही. लहानपणी घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी आज गुडघा तर परवा घोटा सुजतो, मग सूज उतरते आणि घरचे विसरून जातात. पुढं कित्येक वर्षांनी पोटात बाळ असताना दम लागायला लागतो, कारण तेव्हा अंगातलं रक्त वाढतं आणि अरुंद झालेल्या मायट्रल झडपेतून ते पुढं सरकत नाही. ४ ते ६ चौरस सेंटिमीटरची ही वाट दीडवर किंवा त्याखाली आली की आपण तिला सिव्हिअर म्हणतो. ‘उताणं निजवत नाही, उशाला वाकळा रचाव्या लागतात’ असं कुणी म्हणालं, तर एकोची तारीख मिळेपर्यंत थांबू नकोस.

वर पाठवायचं म्हटलं की घरचे पहिलं विचारतात, ‘छाती फाडणार का?’ या एका भीतीपायी लोक महिनोन्‌महिने घरीच बसतात. म्हणून आधी सांग की दर वेळी फाडावी लागत नाही. पडदे लवचिक असतील, गळती फारशी नसेल आणि डाव्या कप्प्यात गुठळी नसेल, तर जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडता येते. जपानच्या कानजी इनोऊ यांनी १९८४ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. आपल्याकडच्या तरुण पेशंटांना तिचा फार मोठा आधार झाला. काही वर्षांनी झडप पुन्हा आवळू शकते हेही त्याच बैठकीत सांगून टाक, म्हणजे नंतर ‘फसवलं’ होत नाही. पडदे चुन्यासारखे कडक झाले असतील किंवा गळती जोराची असेल, तर मात्र ऑपरेशन. काही जणांची झडप दुरुस्त होते. पण सांधेवाताच्या तापानं जाड झालेले, आखडलेले पडदे प्रत्येक वेळी दाद देत नाहीत, मग ती बदलावीच लागते.

आणि खरा पेच तिथून सुरू होतो.

धातूचा व्हॉल्व्ह झिजत नाही म्हटलं तरी चालेल, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. मायट्रलला असा व्हॉल्व्ह असेल तर आय.एन.आर. (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा) ३ च्या आसपास, अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा. जनावराच्या ऊतीपासून केलेल्या व्हॉल्व्हला ही गोळी बहुधा काही महिनेच लागते. पण ठोके अनियमित असतील तर इथंही ती सुटत नाही. आणि तरुण माणसात हा व्हॉल्व्ह लवकर खराब होतो, दहा-पंधरा वर्षांत, कधी त्याआधीच, पुन्हा ऑपरेशनची वेळ येते. कागदावर पाहशील तर पंचविशीतल्या पेशंटला धातूचाच. पण या बाईला बाळ हवंय. वॉरफरिननं, म्हणजे याच रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीनं, सहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाला इजा होऊ शकते, आणि गोळी सोडून दिली तर व्हॉल्व्हवर गुठळी बसते. त्या काळात गोळीऐवजी हेपरिनची इंजेक्शनं, पुन्हा पुन्हा तपासण्या, एवढं सगळं सांगली किंवा बेळगावकडच्या फडात, कोपीत राहून कोण करणार? दोन्हीपैकी बरोबर उत्तर कोणतं हे मी इथं बसून सांगणार नाही, ते सर्जन आणि ती मिळून ठरवतील. पण हा प्रश्न आहे एवढं तरी सर्जनला तुझ्या चिठ्ठीतून कळू दे.

मी असतो तर असं लिहिलं असतं: ‘एक मूल, आणखी हवं आहे. वर्षातले पाच-सहा महिने ऊसतोडीला जिल्ह्याबाहेर. यंदाची उचल घेतलेली आहे. आय.एन.आर.ची सोय असलेली जवळची लॅब तालुक्याला, एसटी दिवसातून दोनदा. गोळ्या सांभाळणारं घरात कुणी नाही, सासू अंध. पेनिसिलिन नियमित नाही. किडलेल्या दाढा आहेत.’ सात ओळी. दाढा मुद्दाम लिही. किडका दात तसाच ठेवून नवा व्हॉल्व्ह बसवला की जंतूंना वाट मोकळी, म्हणून त्या आधी काढून घेतात.

उचलीचं का लिहायचं ते तुझ्या लक्षात आलंच असेल. छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर मोळी डोक्यावर घ्यायची नाही. पण मुकादमाकडून पैसे घेतलेले असतील तर टाके निघायच्या आत बाई फडात उभी राहते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. एक माणूस बसला की हिशेब अर्ध्यावर येतो. म्हणून ऑपरेशनची तारीख शक्यतो पाडव्यानंतरची मागून घ्यावी, अर्थात तब्येत तेवढं थांबू देणार असेल तर.

आणखी एक गोष्ट लोक डॉक्टरला विचारायला लाजतात. ऊतीचा व्हॉल्व्ह गाईबैलाच्या हृदयाच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून करतात. माळकरी घर असो की मुसलमानाचं, त्यांना हे आधी कळायला हवं. बरेच जण ‘जीव महत्त्वाचा’ म्हणून हो म्हणतात. पण ते हो त्यांच्या तोंडून यावं.

पैशाचं थोडक्यात. सरकारी योजनेला लोक अजून ‘जीवनदायी’च म्हणतात. २ जुलै २०१२ ला ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा मराठवाड्यातला एकटा नांदेड त्यात होता. आता ती महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि त्यातली नावं जुळतात का ते निघण्याआधी तूच बघ. नावातल्या एका वेलांटीपायी माणसं परत आलेली मी पाहिली आहेत. आणि योजना ऑपरेशनचं बघते, दर महिन्याच्या तपासणीला जाताना बुडालेला रोज ती भरून देत नाही. ते गणित पेशंटच्या मनात पहिल्या दिवसापासून चालू असतं.

आता परत आल्यावरचं. ‘ऑप्रेशन झालं, आता गोळ्या कशाला’ हे वाक्य तुला ऐकू येणार, त्याची तयारी ठेव. धातूच्या व्हॉल्व्हच्या माणसाच्या छातीला स्टेथोस्कोप लाव आणि ती टिकटिक नीट ऐकून ठेव, बरी असतानाच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेला चित्रा व्हॉल्व्ह असेल (१९९० साली तो पहिल्यांदा माणसात बसवला) तर त्याची चकती प्लास्टिकची, आवाज जरा मऊ. पुढं कधी ती दम लागतो म्हणून आली आणि टिकटिक दबलेली वाटली, तर कफाचं औषध देऊन घरी धाडू नकोस, ॲम्ब्युलन्स बोलाव. गुठळीनं चकती अडली असेल.

गोळीचं नाव आणि ताकद तिच्या वहीत मोठ्या अक्षरात लिही. ॲसिट्रॉम हीही रक्त पातळ ठेवणारीच गोळी, पण तिचे २ मिलिग्रॅम म्हणजे वॉरफरिनचे २ नव्हेत, आणि फडाजवळचा मेडिकलवाला एकाच्या जागी दुसरी पट्टी देऊ शकतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या नवीन, तपासणी न लागणाऱ्या गोळ्यांची जाहिरात घेऊन औषध कंपनीचा कुणी एमआर आला तर त्याला चहा दे. धातूच्या व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत; त्यातल्याच डॅबिगाट्रानची चाचणी त्यापायीच मध्येच थांबवावी लागली होती. मेथी, पालक, शेपू बंद करू नकोस. गरिबाच्या ताटात तेवढंच तर असतं. रोज साधारण सारखं खा, एवढंच सांग. अंगदुखीला कंबरेत सुई नाही, डायक्लोफेनॅक नाही. जुलाबाला मेट्रोनिडॅझोल दिलं तर आय.एन.आर. वर चढतो, म्हणून द्यावंच लागलं तर चार दिवसांत तपास. ताप तीन-चार दिवस हटत नसेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी), आणि ते तुझ्याकडे होत नसेल तर गोळी न देता पाठव. आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात ये, हे तिला एकटीला गाठून सांग, नवऱ्यासमोर नको.

सांधेवाताचा ताप पुन्हा उलटू नये म्हणून द्यायचं पेनिसिलिन ऑपरेशननंतरही चालू राहतं, कारण बाकीच्या झडपा तिच्याच आहेत. २१ दिवसांनी १२ लाख युनिट. गोळी चालू असताना सुई द्यायची तर आधी आय.एन.आर. बघ आणि नंतर जागा दाबून धर. ज्यांची झडप अजून फार अरुंद आहे आणि जे दमानं बेजार आहेत, त्यांना सुईऐवजी तोंडावाटे पेनिसिलिन देता येईल का ते कार्डिऑलॉजिस्टला विचार. अशा पेशंटला सुईनंतर एकदम चक्कर येऊन रक्तदाब कोसळण्याचा धोका असतो, आणि गाव त्याला ‘रिॲक्शन’ म्हणून पेनिसिलिनवरच फुली मारतं.

दसऱ्याआधी तुझ्या हद्दीतल्या अशा सगळ्यांची यादी काढ. कोण कोणत्या कारखान्याला चाललंय ते आशाताईंना माहीत असतं. तिथल्या सरकारी दवाखान्याच्या नावानं एकेक चिठ्ठी आणि दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर दे.

तुझा,
सर

ता. क. बेन्झाथिन (पेनिसिलिनची ती २१ दिवसांची सुई) देताना भुकटी नीट विरघळेपर्यंत हलव, पातळ सुई घेऊ नकोस. ते दुधासारखं दाट औषध अर्ध्यावर सुईत अडकतं आणि लेकराला दुसऱ्यांदा टोचावं लागतं, मग ते पुढच्या वेळी येत नाही. काहीतरी खाऊन, पाणी पिऊन आलंय का ते विचार, आणि आडवं झोपवूनच दे.