साच्यातली ताटली भट्टीत वाकते

प्रश्न : प्लास्टरच्या साच्यात पोर्सेलीनची स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ चिनी माती) ओतून जेवणाच्या ताटल्या करते. साच्यातून सरळ निघतात, पण भाजल्यावर कड वर उचलली जाते. भट्टीचा दोष असेल का?

उत्तर : बहुधा नाही. पोर्सेलीन फार आठवण ठेवतं. ओली ताटली बोटांनी कडेला धरून उचलली की किंचित वाकते. तुम्ही ती दाबून सपाट करता, पण १२५० अंशांच्या आसपास माती मऊ पडते आणि जुना बाक परत वर येतो. म्हणून बोटं लावूच नका. साच्यावर सपाट फळी ठेवा, दोन्ही एकदम उलटे करा आणि साचा वर उचला.

कड आधी वाळते, मधला भाग मागे राहतो; त्यानेही ताटली वाकते. पहिला दिवस कडेवर प्लास्टिकची पट्टी टाकून ठेवा.

स्लिपही तपासा. एक लिटरचं वजन साधारण १.७५ ते १.८ किलो हवं. घट्ट वाटली की पाणी ओतायचा मोह होतो. त्याने आकसणं वाढतं आणि साचाही लवकर ओलावतो. त्याऐवजी सोडियम सिलिकेट (पाणी न वाढवता स्लिप पातळ करणारं रसायन) घाला, तेही थेंबाथेंबाने. जास्त झालं तर स्लिप उलट दह्यासारखी थिजते.