गेम रेकॉर्ड करताना बिटरेट ५०,००० ठेवावा का?

ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या प्रोग्रामने घेतलेला गेम वेगात आला की चित्र फुटतं, ग्राफिक्स कार्ड १६५० आहे, ओळखीच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला लागणारा डेटा, ५०,००० किलोबिट ठेवायला सांगितलंय, तर तो ठेवू की सरळ नवं कार्ड घेऊ, असं तुम्ही विचारलंय. कार्ड घेऊ नका. शूटिंगवाल्यांना चहा जरूर पाजा, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका.

इतकं तोडून सांगायचं कारण म्हणजे असा एक शूटिंगवाला आमच्या घरातच आहे. माझा आतेभाऊ, आमचा दादा. गावात लग्न, मुंज, बारसं, सगळं हाच शूट करतो, आणि झकास करतो. पण 'बिटरेट जास्त म्हणजे क्वालिटी जास्त' हे त्याच्या डोक्यात जे बसलंय ते काही केल्या निघत नाही.

त्याचाच किस्सा ऐका. आतोबांनी १९९५ च्या सुमारास घरात ४८६ कॉम्प्युटर आणला होता. त्यावर फ्लॉपीतून आलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा गेम. आम्हा पोरांपेक्षा आत्याच त्यात जास्त रमायची. दुपारची झाकपाक झाली की बसायची, शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकत, खालच्या खिळ्यांना शिव्या घालत. आठव्या लेव्हलला मात्र कायमची अडकली. तिथे शेवटी दार बंद होतं आणि पलीकडे जायला वाटच उरत नाही. खरं तर करायचं काहीच नसतं, नुसतं उभं राहायचं. राजकन्येचा उंदीर येतो, बटणावर पाय देतो आणि दार उघडतं. पण हे त्या काळी सांगणार कोण? गेम अडकला म्हणून ती एस्केप दाबायची. अलीकडे पाय मोडून ती अंथरुणाला खिळली तेव्हा म्हणाली, "त्या दारापलीकडे काय होतं रे?" मग मी अख्खा गेम खेळून रेकॉर्ड करून द्यायचं ठरवलं.

हा गेम चालतो ३२० बाय २०० ठिपक्यांवर. गणिताने ते १६:१० होतं, पण जुन्या मॉनिटरवर दिसायचं ४:३, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंच. म्हणून आडवं पाच पट, उभं सहा पट केलं की बरोबर १६०० बाय १२०० येतं. एकही ठिपका अर्धवट राहत नाही, सगळ्या कडा सुरीने कापल्यासारख्या. डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम चालवणारा प्रोग्राम) कंट्रोल, ऑल्ट आणि एफ५ दाबलं की तो स्वतःच्या लॉसलेस कोडेकमध्ये, म्हणजे दर्जा अजिबात न घटवता, मूळ आकारात रेकॉर्डिंग करतो. ते मी एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामने आधी मोठं केलं (नीअरेस्ट नेबर, म्हणजे ठिपके जसेच्या तसे; कडा मऊ करणारं बायलिनियर नाही), मग २५६० बाय १४४० च्या काळ्या चौकटीत मधोमध बसवलं आणि एक्स२६४ या एन्कोडरला (व्हिडिओ दाबून लहान करणारा) सीआरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा, १६ देऊन सेकंदाला ६० फ्रेमने काढलं. मोठं आधी करायचं, कारण साधा व्हिडिओ ४:२:० असतो, म्हणजे चार ठिपक्यांत मिळून रंग एकच. मूळ आकारातच एन्कोड केलं असतं तर खाली डाव्या कोपऱ्यातले प्रिन्सच्या जिवाचे लाल त्रिकोण फेस आल्यासारखे पसरले असते. ४:४:४, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग, ठेवूनही ते टळतं, पण तसली फाइल बहुतेक टीव्ही चालवतच नाहीत. तासाभराच्या खेळाची फाइल जीबीच्या आत आली.

दादाने साइज बघितली आणि हसला. "एवढीच? थांब, नीट मास्टर करून देतो."

त्याने ती आपल्या नेहमीच्या टाइमलाइनवर टाकली: १०८०पी, २५ फ्रेम, ५० एमबीपीएस, म्हणजे तुम्हाला सांगितलेले तेच ५०,०००. काळ्या पट्ट्या दिसल्या की गिऱ्हाइकाला टीव्ही बिघडल्यासारखं वाटतं म्हणे, म्हणून चित्र कापून, ताणून पडदाभर केलं. फाइल झाली साडेबावीस जीबीची. पेन ड्राइव्ह एफएटी३२, त्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही, म्हणून तिचे सहा तुकडे. टीव्हीवर पहिला तुकडा लागला आणि आत्या म्हणाली, "अगंबाई, हा राजपुत्र एवढा सुटला कधी?" सुटणारच. ४:३ चं १६:९ केलं की माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो.

पण तेवढंच नव्हतं. प्रिन्सची हालचाल सेकंदाला १२ चित्रांची आहे. ६० ला १२ ने पूर्ण भाग जातो, प्रत्येक चित्र पाच फ्रेम टिकतं. २५ ला जात नाही. बहुतेक चित्रं दोन फ्रेम टिकतात आणि सेकंदातून एखादं तीन, म्हणजे पळता पळता तो सेकंदाला एकदा ठेचकाळतो. आत्याला ही आकडेमोड माहीत नाही, तरी तिने विचारलं की हा लंगडतोय का. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो उंदीर? ताणताना सगळ्या कडा मऊ झाल्यामुळे उंदराचा नुसता एक सरकता डाग झाला होता.

यावर दादाचं म्हणणं काय, तर "बिटरेट अजून वाढवायला हवा होता." आमटी पातळ झाली म्हणून कोणी पातेलं मोठं घेत नाही. जे ताणतानाच गेलं, ते बिटरेट कुठून आणणार? तो फक्त जागा देतो. माझी फाइल जीबीत मावली कारण त्या गेममध्ये भिंती जागच्या जागी असतात, हलतात त्या मशाली आणि माणसं.

आता तुमचं. तुमच्या ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग क्वालिटी 'सेम ॲज स्ट्रीम' असणार, पैज लावतो. म्हणजे नेटवरून थेट दाखवायला ठरवलेला तोकडा, बांधीव बिटरेट तुम्ही डिस्कवर साठवताय. स्फोट झाला, गवत हललं, की तो पुरत नाही आणि चित्राचे ठोकळे होतात. आउटपुट मोड ॲडव्हान्स्ड करा, रेकॉर्डिंगमधला सीबीआर (कायम एकच बिटरेट) काढा आणि एनव्हेंकला, म्हणजे कार्डातल्या एन्कोडरला, सीक्यूपी (बांधलेला दर्जा) १८ ते २० द्या. प्रोसेसरवर एक्स२६४ वापरत असाल तर सीआरएफ १८. आकडा कमी म्हणजे दर्जा जास्त. मग किती बिट लागतात ते एन्कोडर प्रत्येक फ्रेमला स्वतः ठरवतो, मेनू स्क्रीनवर थोडे, धुमश्चक्रीत भरपूर. कधी ते ५० हजारांच्याही वर जातील, जाऊ देत. ५०,००० बांधून ठेवलात तर मात्र मेनूकडे बघत बसलात तरी डिस्क तासाला तेच साडेबावीस जीबी गिळणार.

फाइल एमकेव्हीमध्येच घ्या. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली की सगळं रेकॉर्डिंग मातीत. एमकेव्ही जिथवर लिहिली तिथवर चालते, आणि नंतर ओबीएसच्याच रीमक्समधून (पुन्हा एन्कोड न करता नुसतं वेष्टन बदलणं) एमपी४ करता येते, दर्जा तसूभरही न घटता.

यूट्यूबवर टाकणार असाल तर तुम्ही काहीही पाठवा, ते पुन्हा एन्कोड करतातच. १०८०पी, ६० फ्रेमसाठी त्यांची स्वतःची शिफारस १२ एमबीपीएसची आहे. छोट्या चॅनेलच्या १०८०पी व्हिडिओला बहुधा जुना कोडेक एव्हीसी मिळतो, १४४०पी ला त्याहून चांगला व्हीपी९. म्हणून १०८०पी चा गेमसुद्धा १४४०पी करून चढवा, फरक डोळ्यांनी दिसेल. दादा याला फसवाफसवी म्हणतो. म्हणू दे.

व्हिडिओ फुटत नसून अडखळत असेल तर ती वेगळी भानगड. गेमनेच कार्ड पूर्ण खाल्लंय आणि ओबीएसला काही उरत नाहीये. गेमची फ्रेम मर्यादा ६० वर बांधा आणि ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

दादाच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर दिवाळीला भेटल्यावर ऐकून घ्यावं लागेल. कॅमेऱ्यासाठी ५० एमबीपीएस वाजवी आहेत, कारण सेन्सरच्या बारीक खरखरीत दोन फ्रेम कधीच सारख्या नसतात. २५ फ्रेमलाही कारण आहे: आपल्याकडे टीव्हीची पाल (PAL) पद्धत होती, वीज ५० हर्ट्झची, आणि हॉलमधल्या ट्यूबलाइट लुकलुकू नयेत म्हणून शटर एक पन्नासांश. पण गेममध्ये ना सेन्सर, ना ट्यूबलाइट. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला शिकवू नकोस, मी व्हीएचएसपासून करतोय."

एक सांगायचं राहिलं. १६५० च्या मूळ मॉडेलमध्ये एन्कोडर आधीच्या पिढीचा आहे, १६५० सुपरमध्ये नवा. तुमचं साधं असेल तर सीक्यूपी एक-दोनने खाली आणा, फाइल थोडी फुगेल इतकंच. आणि रेकॉर्डिंग झाल्यावर कोणी "दे, मास्टर करून देतो" म्हणालं, तर कॉपी द्या. मूळ फाइल माझ्याकडे होती म्हणून दुसऱ्या दिवशी आत्याला उंदीर दिसला.