पोट वर करून राहणारा मासा

प्रश्न : महिन्यापूर्वी दुकानातून एक अपसाइड डाउन कॅटफिश आणला. टँक २ फुटी आहे, सोबत ८ टेट्रा. हा दिवसभर लाकडाखाली पोट वर करून पडलेला असतो, खाणं टाकलं तरी हलत नाही. पोट पण काळपट दिसतंय. सासूबाई रोज म्हणतात मेलाय तो, काढून टाक. आजारी असेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, काढू नका हो! आजारी मासा कलंडतो, धडपडतो, नको असताना वर तरंगतो, आणि तुमचा तर लाकडाला पोट टेकवून शांत बसलाय म्हणजे तो अगदी बरोबर वागतोय. हा आफ्रिकेतल्या कांगो खोऱ्यातला, सिनोडॉन्टिस निग्रिव्हेन्ट्रिस, नावातच काळं पोट आहे. बाकी माशांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं, याचं उलट, कारण पोहताना वरच्या अंगाला पोटच येतं ना. पिल्लं आधी सरळ पोहतात, मग हळूहळू उलटी व्हायला लागतात, मोठेपणी उलटं राहून पाण्यावर पडलेले किडे टिपतात.

खाण्याची वेळ तेवढी चुकतेय. हा निशाचर आहे, दिवसा टाकलेलं सगळं टेट्राच संपवतात. रात्री लाईट बंद करून अर्ध्या तासाने बुडणारे पेलेट टाका, आठवड्यातून एकदोनदा फ्रोझन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या. माझ्याकडे अर्धी करवंटी पालथी ठेवलीय, दिवसभर हे तिच्या आत छताला चिकटलेले, आणि अंधार झाला की आधी नुसत्या मिशा बाहेर येतात, कडेवरून फिरतात, मग एकेक जण उलटाच सरकत निघतो, ते बघायला मी कितीदा जागलेय.

एकटा ठेवू नका मात्र, याला ३-४ जणांची सोबत लागते, एकटा जास्तच लपून राहतो. वाढतो साधारण ९-१० सेंटीमीटर, त्यामुळे पुढेमागे ३ फुटी टँक बघा. पाणी २४-२६ डिग्री ठेवा. आणि पकडायला जाळी अजिबात नको, आपल्या शिंगटीसारखे काटे असतात, ते ताठ होऊन जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा जखमी होतो, सरळ डब्यात घ्या. अंगावर खवले नाहीत म्हणून औषधं, खास करून तांब्याची, याला झेपत नाहीत, उगाच आजारी समजून टाकू नका.

टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा आणि एकदा रात्री ११ ला सासूबाईंना टँकसमोर बसवा.